चिरुटाच्या गावी

चिरूट हा पदार्थ आपण मराठी माणसांनी पाहिलेला पुष्कळ, ओळखलेला फार थोडा. हिंदी चित्रपटातला खलनायक चिरूट ओढतो, व्यंगचित्रातला गिरणीमालक ओढतो, आणि चर्चिलसाहेबांचे चित्र तर चिरुटावाचून पुरेच होत नाही. शब्द मात्र आपल्या घरचा आहे. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. इंग्रजांनी त्याचे 'शेरूट' केले आणि मराठीने चिरूट. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी इतके गाजलेले होते की, शेरलॉक होम्स १८८७ सालच्या आपल्या पहिल्याच कथेत जमिनीवरच्या राखेवरून ते ओळखतो. पण चिरुटाचा शौकीन माणूस त्रिचनापल्लीचे नाव आदराने घेतो आणि हवानाचे नाव घेताना डोळे मिटतो.

यात नुसता डौल नाही. देवगडच्या हापुसाचे कलम घाटावर नेऊन लावले तर झाड वाढते, फळही धरते, पण तो हापूस होत नाही. तंबाखूचेही तसेच आहे. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. तेथल्या वुएल्ता आबाहो या टापूत जे पान पिकते त्याची बरोबरी जगात दुसरे पान करीत नाही, असे जाणकार सांगतात. हेच बी घेऊन माणसे दुसऱ्या देशांत गेली. तेथेही उत्तम चिरूट होऊ लागले, पण वुएल्ता आबाहोचा मान कायम राहिला.

अशा गावी जाण्याचा योग माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला, आणि तोही निर्व्यसनी, यावा हे नवलच. आमचे मेहुणे टोरांटोला असतात. कानडातली मंडळी जानेवारीत बर्फाला कंटाळली की क्यूबाला पळतात, कारण विमानाने साडेतीन-चार तासांत ऊन गाठता येते. २०२३ च्या जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे होतो. "दाजी, इथं कुडकुडत बसण्यापेक्षा चला हवानाला," असे त्यांनी म्हणताच सौ.ने माझ्या आधी होकार भरला.

हवानापासून विन्यालेसचे खोरे सुमारे १८० किलोमीटर. रस्ता रुंद आणि मोटारी विरळ, मधूनच एखादी घोडागाडी. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून एक तिशीतल्या बाई होत्या. मी शिक्षक असल्याचे कळताच त्या मला 'प्रोफेसोर' म्हणू लागल्या. त्या स्वतः पूर्वी माध्यमिक शाळेत साहित्य शिकवीत. "मग सोडलंत का?" असे सौ.ने विचारले. "महिन्याच्या पगारात जेवढं मिळत होतं, तेवढं आता एका दिवसाच्या बक्षिशीत मिळतं," एवढेच उत्तर देऊन त्यांनी बाहेर बोट दाखविले. समोर खोरे उघडले होते.

सपाट लाल जमीन, आणि तिच्यातून एकदम उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर. त्यांना तेथे 'मोगोते' म्हणतात. माथा गोल, कडा सरळ, अंगभर झाडी. कुणी राक्षसाने आपल्या धान्याच्या कणग्या शेतात मांडून ठेवाव्यात तसे ते दिसतात. मधून मधून उंच शाही ताड. १९९९ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही येथली जुनी शेती अजून जिवंत आहे म्हणून. शेतात बैलांची जोडी नांगर ओढीत होती. जू मात्र मानेवर नव्हते, शिंगांना बांधलेले होते. "बिचाऱ्यांचं डोकं दुखत असेल," असे सौ. म्हणाली. बाईंनी त्याचे स्पॅनिश करून सांगितल्यावर नांगऱ्या पोट धरून हसला.

ज्यांच्या शेतावर आम्ही गेलो ते आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. तंबाखूच्या शेतकऱ्याला तेथे 'वेगेरो' म्हणतात. वरच्या बाजूला गवती छपराचे त्यांचे तंबाखूचे घर होते, म्हणजे अर्धेच होते. २७ सप्टेंबर २०२२ रोजी 'इयन' नावाचे चक्रीवादळ या प्रांतावर आदळले आणि पाने वाळविण्याची अशी हजारो घरे त्याने भुईसपाट केली. आजोबांच्या घराची एक बाजू नव्या लाकडांनी उभी राहिली होती, दुसरी बाजू नुसती खांबांवर होती. त्या हंगामात लावणीही कमीच झाली, कारण पीक काढले तरी ते टांगायचे कोठे?

तंबाखूचे बी मोहरीपेक्षाही बारीक. आधी रोप करायचे, पावसाळा सरला की ते लावायचे, आणि जानेवारीपासून खुडायला लागायचे. फुलाचा शेंडा आधीच खुडून टाकतात, म्हणजे सारा जोर पानांत उतरतो. पाने एकदम तोडीत नाहीत. खालून वर, दोन-तीन पाने, मग काही दिवस थांबून पुढची. याचे कारण असे की, एकाच झाडाची पाने एका गुणाची नसतात. तळाची पाने सौम्य, पण चांगली जळणारी. त्यांना 'व्होलादो' म्हणतात. मधली 'सेको', त्यांच्यात सुवास. शेंड्याकडची 'लिहेरो' भर उन्हात पोसलेली, जाड, तेलकट आणि तिखट, आणि जळायला संथ. चिरूट वळणारा या तिन्हींचा मेळ घालतो. आपल्याकडे गोड्या मसाल्यात दगडफूल किती आणि लवंग किती हे जसे घराघराचे गुपित असते, तसे प्रत्येक छापाचे हे प्रमाण गुपित असते. बाहेरून गुंडाळायचे पान तर वेगळ्याच शेतातले. त्या झाडांवर पातळ कापडाचा मांडव घालतात, म्हणजे ऊन गाळून पडते आणि पान रेशमासारखे तलम निघते.

खुडलेली पाने काठ्यांवर ओवून सुमारे ५० दिवस टांगतात. हिरवी पाने पिवळी होतात, मग तांबूस. पुढे ती किंचित ओली करून त्यांच्या थप्प्या रचतात. ओल्या गवताची गंजी आतून तापते हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तीच ऊब येथे मुद्दाम आणतात. या आंबण्यात पानातला उग्र, नाकात झोंबणारा अमोनियाचा वास निघून जातो आणि चव निवळते. उत्तम पान असे पुन्हा पुन्हा आंबवून वर्षानुवर्षे ठेवलेले असते. चिरूट महाग का, याचे अर्धे उत्तर या थांबण्यात आहे.

आजोबांनी ओसरीवर बसून आमच्यादेखत एक चिरूट वळला. पानाची मधली शीर त्यांनी झटक्यात ओढून काढली. शीर काढली की निकोटीन गेले असे तेथे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये, निकोटीन पानातच राहते. मग आजोबांनी चिरुटाचे टोक मधात बुडविले आणि तो माझ्यापुढे धरला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. "घ्या, एवढ्या लांब आलात ते नाही म्हणायला का?" असे म्हणून तिने स्वतःची खुर्ची मात्र वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकवून घेतली.

चिरूट ओढण्याचेही शास्त्र आहे. बंद टोकाची टोपी अगदी थोडी कापायची. दुसरे टोक ज्योतीत खुपसायचे नाही, ज्योतीच्या वर धरून फिरवीत शेकायचे, आणि तोंडभर कडा सारखी लालसर झाली की मग ओढायला लागायचे. पेट्रोलचा लायटर वर्ज्य, कारण त्याचा वास पहिल्या झुरक्यातच शिरतो. लांब आगकाडी किंवा देवदाराची ढलपी चांगली. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केली तर चिरूट तापतो आणि कडवट होतो. राख झटकायची नाही. चांगल्या वळणीच्या चिरुटाची राख बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत चिकटून राहते आणि आपल्या वेळेला पडते. संपल्यावर तो चिरडायचा नाही, नुसता ठेवून द्यायचा. आपला आपण विझतो.

गमतीने असे म्हणतात की, चिरुटाचा पहिला तिसरा हिस्सा गवत, दुसरा स्वर्ग आणि शेवटचा शेण. पहिल्या हिश्शाला मध सरला आणि खरोखरच वाळल्या कडब्याचा वास आला. जिभेच्या शेंड्याला मिरीसारखी चुणचुण. पाचदहा मिनिटांनी ती निवली आणि तोंडात भाजलेल्या कॉफीची चव उतरली, मागाहून नवे चामडे, ओली माती, आणि अगदी शेवटी काकवीसारखा गोडवा. प्रत्येक झुरका आधीच्याहून किंचित निराळा होता. गायक एकाच रागात फिरतो, पण दर आवर्तनाला एखादा नवा सूर दाखवून जातो, तसे काहीसे. या रसाला लोक का भुलतात हे मला त्या मधल्या हिश्शात समजले. तिसऱ्या हिश्शात धूर गरम झाला, लिहेरोचा तिखटपणा वर आला, कपाळावर घाम फुटला. मी चिरूट ठेवून दिला. आजोबांनी मान डोलावली. त्यांच्या मते मी योग्य जागी थांबलो होतो.

पण त्या दिवशी सर्वांत अधिक आत गेला तो या धुराचा वास नव्हे. तंबाखूच्या त्या अर्ध्या घरात, टांगलेल्या पानांखाली उभा राहिलो तेव्हा कच्च्या पानाचा जो वास आला, तो सोलापूरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचा होता.

माझी आई विड्या वळीत असे. सकाळी घरचे आटोपून ती मांडीवर सूप घेऊन बसे. तेंदूची पाने रात्री भिजविलेली असत. पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडायचे. मजुरी हजार विड्यांमागे. हजार भरल्याशिवाय ती उठत नसे, आणि कारखान्यात छाट निघाली की तेवढे कष्ट वाया. भाकरी करतानाही तिच्या बोटांना तंबाखूचा वास असे. पुढे पुढे तिला दोन जिने चढतानाही दम लागत असे. विडी तिने जन्मात ओढली नाही. तो तंबाखूच्या धुळीचा प्रसाद होता.

हवानाला परतल्यावर आम्ही चिरुटांचा एक कारखाना पाहिला. लांबच लांब दालन, शाळेतल्या बाकांसारख्या रांगा, आणि प्रत्येक बाकावर एक वळणारा किंवा वळणारी. त्यांना 'तोर्सेदोर' म्हणतात. हत्यार एकच, 'चावेता' नावाचे अर्धगोल पाते. आतल्या पानांची मूठ जमवायची, ती दुसऱ्या पानात बांधायची, साच्यात दाबायची, मग वरचे तलम पान तिरके गुंडाळीत न्यायचे आणि टोपीला वनस्पतीच्या डिंकाचा ठिपका लावायचा. दिवसाला साधारण शंभर, मापाप्रमाणे कमीअधिक. फार घट्ट वळला तर धूर येत नाही, सैल वळला तर भसाभसा जळतो. त्या बोटांकडे पाहताना मला आईचीच बोटे आठवत होती.

आणि त्या दालनाच्या एका टोकाला, उंच बैठकीवर, एक बाई ध्वनिक्षेपकापुढे बसून मोठ्याने वाचीत होत्या.

मी वाटाड्या बाईंकडे पाहिले. "ही 'लेक्तोरा'," त्या म्हणाल्या. "सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणती ते कामगार मत देऊन ठरवतात." त्या दिवशी एक रहस्यकथा चालू होती.

ही प्रथा १८६५ सालची. हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात ती सुरू झाली. बहुतेक कामगारांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून वाचणारा माणूस ठेवला. हात पानांत गुंतलेले, पण कान मोकळे होते. सरकारला यात धोका दिसला आणि पुढल्याच वर्षी वाचनावर बंदी आली. ती टिकली नाही. क्यूबाचे कामगार फ्लॉरिडात गेले तेव्हा वाचक त्यांच्याबरोबर गेला. टँपाच्या कारखानदारांनी १९३१ साली वाचकांना काढून टाकले, तेव्हा कामगार संपावर गेले. क्यूबात मात्र वाचन अखंड राहिले, आणि २०१२ साली त्या देशाने ते आपला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. 'मोंतेक्रिस्तो' हा चिरुटांचा नामांकित छाप १९३५ साली निघाला. द्यूमाची ती कादंबरी कामगारांची आवडती होती, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. एक प्रकरण संपले की कामगार टाळ्या वाजवीत नाहीत, कारण हात रिकामे नसतात. चावेता बाकावर आपटतात. आमच्यादेखत प्रकरण संपले आणि सारे दालन टकटकले.

मला घशात काही दाटून आले, त्याचे कारण सौ.ला ठाऊक होते. सोलापूरच्या त्या खोलीत मी सहावी-सातवीत असल्यापासून मराठीचे पुस्तक मोठ्याने वाचीत असे, आणि आई व शेजारच्या तिघी-चौघी विड्या वळता वळता ऐकत. आई चौथीपर्यंत शिकलेली. धडा करुण निघाला की तिची बोटे थांबत आणि हजाराला शंभर-दीडशे कमी पडत. मग आठवड्याच्या मोजणीच्या आदल्या दिवशी ती बजावी, "आज रडका धडा नको रे बाबा. उद्या मोजणी हाय." मी पुढे मराठीत एम. ए. झालो आणि आता वर्गात वाचतो, पण तसे श्रोते मला पुन्हा मिळालेले नाहीत. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही एक जण वर्तमानपत्र वाची आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. हे मी पुस्तकात वाचले होते. क्यूबात ते डोळ्यांनी पाहिले.

आता या चिरुटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. चिरुटाच्या धुरातले निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरते. मोठ्या चिरुटात सिगारेटच्या एका पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्यातून होतो. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना १९२३ साली जबड्याचा कर्करोग झाला, त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी १९३९ साली मृत्यू येईपर्यंत चिरूट त्यांना सुटला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत क्यूबाच्या मालावर बंदी घातली, ती आपल्या सचिवाकरवी बाराशे हवाना चिरूट घरात आल्यावरच. हा किस्सा त्या सचिवांनीच पुढे सांगितला. आणि ज्यांच्या हातातला चिरूट जगप्रसिद्ध झाला त्या फिडेल कॅस्ट्रोंनी १९८५ साली तो सोडला.

हे सारे मी परतीच्या वाटेवर मेहुण्यांना सांगत होतो. सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, खरं आहे सगळं. पण उद्या सगळ्यांनीच सोडला, तर त्या आजोबांनी आणि त्या बायकांनी काय करायचं? आपल्या आईंनी काय केलं असतं?"

सोलापुरात हजारो बायका आजही विड्या वळतात, तेव्हा हा प्रश्न केवळ क्यूबाचा नाही. कण्णूरच्या कामगारांनी त्याला आपल्यापुरते एक उत्तर शोधले. १९६९ साली त्यांनी 'दिनेश विडी' नावाची सहकारी संस्था काढली, आणि विडीचा खप घटू लागल्यावर तीच संस्था मसाले, नारळाचे दूध, छत्र्या करू लागली. सगळ्यांची सोय झाली असे नाही. परंतु विडी वळणारे बोट दुसरेही काही करू शकते हे तिने दाखविले. आई असती तर तिला मी हे वाचून दाखविले असते, आणि मोजणीचा दिवस नसता तर तिने ते पुरते ऐकलेही असते.

आजोबांनी निघताना दोन चिरूट केळीच्या सोपट्यात बांधून दिले होते. पैसे घेईनात. अखेर सौ.ने आपली शाल त्यांच्या घरातल्या म्हातारीच्या खांद्यावर घातली, तेव्हा हिशेब मिटला. ते चिरूट मेहुण्यांच्या एका मित्राने ओढले आणि फार वाखाणले. त्याला त्या अर्ध्या घराविषयी आम्ही सांगितले. त्याने ऐकून घेतले.

वाचकहो, कधी हवानाला गेलात तर दुकानातल्या देवदारी पेट्या जरूर पाहा. तेथल्या काही पेट्यांची किंमत तेथल्याच शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून अधिक असते, हेही ध्यानात ठेवा. पण वेळ थोडा असेल तर दुकान सोडा आणि कारखान्याच्या दालनात घटकाभर उभे राहा. चिरूट जगात कोठेही विकत मिळतो. ते वाचन ऐकायला मात्र तेथेच जावे लागते. स्पॅनिश येत नसले तरी बिघडत नाही. प्रकरण संपले हे चावेता सांगतात.